घरगुती एस्प्रेसो यंत्रातील तापमान नियंत्रण

घरगुती एस्प्रेसो यंत्रातील तापमान नियंत्रण म्हणजे कॉफीच्या पुडीवर दाबाखाली सोडल्या जाणाऱ्या पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेत राखण्याची व्यवस्था होय. थंड पाणी आत आल्यामुळे किंवा वाफ काढल्यामुळे घटलेले तापमान पूर्ववत होण्याच्या क्रियेस *तापमान पुनर्प्राप्ती* असे म्हणतात. एस्प्रेसोसाठी साधारणतः ९० ते ९६ °से तापमानाचे पाणी आणि सुमारे ९ बार दाब वापरला जातो. पाणी अपेक्षेपेक्षा थंड असल्यास कॉफी आंबट व पातळ लागते, तर अतितप्त असल्यास ती कडवट होते.

== इतिहास ==
इटलीतील आंजेलो मोरियोंडो यांनी १८८४ मध्ये तुरीन येथे, तर लुईजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये मिलान येथे कॉफीयंत्राचे पेटंट मिळवले. बेझेरा यांच्या धाटणीच्या यंत्रांत वाफेचा दाबच पाण्याला पुढे ढकलत असे. त्यामुळे दाब वाढवायचा तर तापमानही वाढत असे. आकीले गाज्जिया यांचे १९३८ चे पेटंट आणि त्यानंतरचे तरफेचे यंत्र यांमुळे दाब व तापमान यांची ही सांगड सुटली. १९६१ च्या फाएमा ई-६१ या यंत्रात विद्युत पंप आणि उष्णता विनिमयक वापरण्यात आले. आजच्या अनेक घरगुती यंत्रांत त्याच रचनेचे वारसे दिसतात.

== यंत्रांचे प्रकार ==
* '''एकल बॉयलर''' – कॉफी व वाफ यांसाठी एकच टाकी असते. वाफेसाठी तापमान वाढवावे लागते आणि पुन्हा कॉफी करण्यापूर्वी गरम पाणी सोडून टाकी थंड करावी लागते.
* '''उष्णता विनिमयक''' – वाफेच्या बॉयलरमधून जाणाऱ्या नळीत कॉफीचे पाणी तापते. यंत्र बराच वेळ वापराविना राहिल्यास नळीतील पाणी अतितप्त होते, म्हणून ते आधी थोडे वाहू द्यावे लागते.
* '''दुहेरी बॉयलर''' – दोन्ही कामांसाठी स्वतंत्र टाक्या व स्वतंत्र नियंत्रण असते.
* '''थर्मोब्लॉक''' – तापवलेल्या धातूच्या ठोकळ्यातील वाहिनीतून जाताना पाणी तापते. यंत्र लवकर तयार होते, परंतु पाण्याचा साठा अल्प असल्याने स्थैर्य नियंत्रणाच्या गुणवत्तेवर अवलंबून राहते.

== नियंत्रणाच्या पद्धती ==
साध्या थर्मोस्टॅटमध्ये तापमानानुसार वाकणारी द्विधातू चकती असते. ती बंद होण्याचे व पुन्हा चालू होण्याचे तापमान वेगवेगळे असल्यामुळे पाणी काही अंशांनी वर-खाली होत राहते. पीआयडी नियंत्रक अपेक्षित तापमानापासूनचा फरक, त्या फरकाची साचलेली बेरीज आणि बदलाचा वेग या तिन्हींचा विचार करून हीटरला किती वीज द्यायची ते ठरवतो. त्यामुळे चढउतार बराच कमी होतो.

== पुनर्प्राप्तीचे गणित ==
४० ग्रॅम पाणी ३० °सेपासून ९३ °सेपर्यंत तापवण्यास सुमारे १०.५ किलोज्यूल उष्णता लागते. १००० वॅटचा हीटर ती तत्त्वतः १०-११ सेकंदांत देतो. मात्र ३ किलो पितळी भाग ३० °सेपासून ९० °सेपर्यंत तापवण्यास सुमारे ६८ किलोज्यूल, म्हणजे साडेसहा पट उष्णता लागते. म्हणूनच दिवा हिरवा झाल्यावरही जड यंत्र काही काळ तापू द्यावे लागते. दांडीचा गाळणीपात्र थंड असल्यास बॉयलरमधील योग्य तापमानाचे पाणीही कॉफीपर्यंत पोहोचताना निवते.

== उंची व वीजदाबाचा परिणाम ==
समुद्रसपाटीपासूनची उंची दर ३०० मीटरने वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ °से घटतो. लातूर जिल्ह्यातील औसा हे शहर ६०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने तेथे पाणी सुमारे ९८ °सेला उकळते. बॉयलर बंद व दाबाखाली असल्याने आतील पाणी लगेच उकळत नाही. मात्र बाहेर पडताना ९८ °सेपेक्षा तप्त पाण्याचा काही भाग वाफ होऊन उडतो. दाबावर चालणारा नियंत्रक बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब मोजत असल्याने, मापकावर १ बार दिसत असताना बॉयलरचे तापमान समुद्रकिनाऱ्यावर सुमारे १२० °से, तर औशात सुमारे ११९ °से असते. तापमान थेट मोजणाऱ्या पीआयडीच्या बाबतीत हा फरक पडत नाही.

हीटरची शक्ती वीजदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर १००० वॅट देणारा हीटर २०० व्होल्टवर सुमारे ७५६ वॅटच देतो. परिणामी पुनर्प्राप्तीस सुमारे एकतृतीयांश अधिक वेळ लागतो.

== पाणी व देखभाल ==
मराठवाड्यातील बेसॉल्ट खडकांतील भूजल अनेक ठिकाणी कठीण असते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा टंचाईत बोअरवेल व टँकरच्या पाण्याचा वापर वाढतो. कठीण पाण्याने बॉयलर व हीटरवर क्षारांचा थर बसतो. हा थर उष्णतेचा दुर्वाहक असल्याने तापण्यास वेळ लागतो, संवेदक चुकीचे तापमान दाखवू शकतो आणि हीटर जळण्याचा धोका वाढतो. याउलट आरओ संयंत्रातील अतिशय कमी क्षारांच्या पाण्यात विद्युत वाहकता अपुरी असल्याने काही यंत्रांतील पातळी-संवेदकास पाणी असल्याचे कळत नाही. त्यामुळे मध्यम कठीणपणाचे पाणी योग्य ठरते.

बॉयलर रिकामा असताना हीटर चालू करू नये. दाब पूर्ण उतरण्यापूर्वी यंत्र उघडल्यास तप्त पाणी व वाफेने गंभीर भाजण्याची शक्यता असते.