सलाईन उतरल्यावर काय?

बाईने फवारणीचे औषध घेतले म्हणून नातेवाईक तिला रुग्णालयात आणतात. केसपेपरवर ‘चुकून प्यायली’ असे लिहिले जाते. पोट धुतले जाते, सलाईन लागते, काही दिवसांनी सुटी होते. मग ज्या घरात मारहाण सोसली, त्याच घरी ती परत जाते. विष उतरते, कारण तसेच राहते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. तिथली रीत साधी आहे. बाईला नातेवाइकांपासून बाजूला घ्यायचे आणि विचारायचे, ‘घरी कोणी त्रास देते का?’

अमेरिकेत अटलांटाच्या ग्रेडी रुग्णालयाने पुढचे पाऊल टाकले. जोडीदाराचा छळ सोसणाऱ्या आणि जीव द्यायला निघालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी तिथे ‘निया’ गट चालतो. निया म्हणजे स्वाहिली भाषेत ‘उद्देश’. बैठका दहा, आधार त्यांच्याच समाजातल्या म्हणींचा आणि कर्तबगार स्त्रियांचा. २०१० च्या अभ्यासात या स्त्रियांचे नैराश्य नेहमीच्या उपचारांपेक्षा लवकर ओसरले. पुन्हा छळ झाला तरी मरणाचे विचार तितके तीव्र नव्हते.

हा गट चंद्रपूर-गडचिरोलीत जसाच्या तसा चालणार नाही. भामरागडच्या माडिया बाईला मन मोकळे करायला माडियाच हवी. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेऱ्यात बंगाली लागेल. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात बैठकीला कोणी फिरकणार नाही. गावच्या बचत गटात बोललेले संध्याकाळपर्यंत सासूच्या कानावर जाईल. त्यापेक्षा बाजाराच्या दिवशी तालुक्याचा दवाखाना बरा. मात्र एकजुटीची सवय इथे जुनी आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये दारूबंदी झाली, त्यामागे गावोगावच्या बायकांचा रेटा होता.

‘चुकून’ या शब्दामागे बहुधा पोलिसांची भीती असते. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरायचे असते. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात. मरणाबद्दल विचारल्याने तो विचार बळावत नाही, उलट मन हलके होते. म्हणून सुटीच्या कागदावर गोळ्यांसोबत पुढच्या भेटीची तारीख आणि हे क्रमांक असावेत: टेली-मानस १४४१६, महिला मदतवाहिनी १८१, तातडीसाठी ११२. फोन नवऱ्याच्या हातात असेल, तर आशाताईला सांगावे.