वाटीभर हिरवं, वर लिंबू पिळून!

रूमवर राहताय? मग रात्री मॅगी आणि वर कटिंग हे ठरलेलंच. जिना चढताना दम लागला की आपण म्हणतो, सबमिशनचं टेन्शन! पण कदाचित रक्तच कमी असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला.

सोपी सुरुवात करा, शेवग्याच्या पाल्याच्या सूपने. दोन मुठी कोवळा पाला निवडून धुवा. चमचाभर तुपात जिरं, चार लसूण पाकळ्या, अर्धा कांदा परता. त्यात पाला, अर्धी वाटी शिजलेली मूगडाळ, दोन कप पाणी, मीठ घालून सात-आठ मिनिटं उकळा. मिक्सर नाही? रवीने घुसळा. शेवगा मिळाला नाही, तर चवळईही चालेल.

खरी मेख पुढे आहे. गॅस बंद केल्यावर अर्धं लिंबू पिळा. पालेभाज्यांतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. लिंबातलं ‘क’ जीवनसत्त्व त्याला मदत करतं. आणि वर लगेच चहा नको, तो हेच शोषण अडवतो. तासभर कळ काढा.

तरीही दम लागतोय, चक्कर येतेय? मग नुसत्या सूपच्या भरवशावर राहू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या.