ड्रममधलं मटण आणि अडलेला काटा

आज धुराविषयी बोलू.

बार्बेक्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सळईवरचे कबाब आणि खाली फुललेले निखारे येतात. ते भाजणं झालं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. अमेरिकेच्या दक्षिणेकडे, टेक्सास-कॅरोलिनात, हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात. तिथे झाकणाखाली ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या धुरकट हवेत मांस तासन्‌तास ठेवतात. नागालँडला होतो तेव्हा चुलीवर टांगलेलं मांस पाहिलं होतं, पण तिथला धूर मांस वाळवून टिकवतो. इथे ते शिजवायचं असतं.

निवृत्तीनंतर महूला राहतो, मागे अंगण आहे. २०० लिटरचा लोखंडी ड्रम शोधायला भंगारवाल्याकडे गेलो. "साहब, बिलकुल साफ है," म्हणाला. नाक आत घातलं, तर थिनरचा वास! परत केला. फौजेत पीओएलचं काम केलेल्या कुणालाही विचारा, पेट्रोलचा रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा घातक. आतल्या वाफेला कटरची एक ठिणगी पुरते. शेवटी इंदूरहून सोयाबीन तेलाचा ड्रम आणला. अशा ड्रमलाही आतून लेप असू शकतो, म्हणून आत लाकडं पेटवून तो जाळला आणि लोखंड खरवडून काढलं. जस्ताचा मुलामा दिलेला ड्रम किंवा जाळी मात्र घेऊच नका, तापल्यावर विषारी धूर सोडते.

रचना सोपी आहे. तळाशी झडपेची तीन भोकं, कोळशाची जाळीदार टोपली, तिच्या दोन फूट वर मांसाची जाळी, झाकणाला धुराची वाट. टोपलीतला सगळा कोळसा पेटवायचा नाही. पंधरा-वीस निखारे मधोमध ठेवायचे, आग हळूहळू पसरते. वर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाचे दोन-तीन तुकडे. चीड, प्लायवुड, रंगवलेल्या पेट्या नकोत. पहिला दाट पांढरा धूर कडू लागतो. तो विरळ, निळसर झाला की मांस ठेवा.

बोकडाची अडीच किलोची मांडी मी दुपारी एकला ठेवली. साडेसातला जुने कोर्समेट जेवायला येणार होते. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा काटा साडेचारला ६८ अंशांवर होता. सहाला ६९! मला वाटलं, आग मेली. झाकण उघडलं, खालच्या झडपाही सताड उघडल्या.

खरं तर आग ठीक होती. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, त्याच कारणाने काटा अडला होता. मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. आत जेवढी उष्णता शिरते तेवढीच बाहेर जाते, म्हणून तापमान तासन्‌तास तिथेच राहतं. तो वेळ वायाही जात नसतो. मांसातले चिवट धागे, म्हणजे कोलॅजन, त्याच काळात विरघळून मऊ जिलेटिन होत असतं.

ड्रममध्ये आगीला हुकूम द्यायचा तो हवेच्या मार्फत. झाकण काढलं की हवा भसकन आत जाते. दहा मिनिटांत ड्रम २०० अंशांवर, गळणाऱ्या चरबीने भडका, आणि मांडीची एक बाजू कोळसा! सगळ्या झडपा बंद केल्या, तरी उतरायला तास लागला. मग मांडी फॉइलमध्ये गुंडाळली. वाफ अडली की काटा पुन्हा चढू लागतो.

आठ वाजता पत्नी बाहेर आली. "अहो, मी पिठलं टाकते."

मंडळींनी पिठलं-भाकरी खाल्ली, दोनदा मागून. साडेनऊला काटा ९३ वर गेला. जळकी बाजू कापून टाकली, हाड ओढलं तर नुसतं हातात आलं. चव? अर्धी छान.

आता मी सकाळी आठलाच सुरुवात करतो. लवकर झालं तर फॉइलमध्ये, चादरीत गुंडाळून तास-दीड तास गरम राहतं. कोंबडी करायची तर अर्ध्या वेळात होते, पण हाडाजवळ ७४ अंश झाल्याशिवाय काढू नका.

हे सगळं उघड्यावरच करायचं. गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. आणि राख त्याच रात्री कचऱ्यात टाकू नका. माझ्या टोपलीत दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाही धग होती.