लाळेच्या थरावर तोललेली कवळी

बोळक्या तोंडात वरची कवळी टिकते तरी कशी? तिला खिळा नाही, तार नाही. गुरुत्वाकर्षण तिला सतत खाली ओढत असतं. तरीही जालना जिल्ह्यातल्या घनसावंगीचे किंवा मंठ्याचे एखादे आजोबा पंगतीत ज्वारीची भाकरी चावतात, शेजाऱ्याशी बोलतात, खळखळून हसतात आणि कवळी जागची हलत नाही. मला हे जादूपेक्षा थोर वाटतं, कारण याचं कारण सांगता येतं.

दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरकतात, पण उचलून वेगळ्या होत नाहीत. टाळू आणि कवळी यांच्यामध्ये लाळेचा थर नेमकं हेच काम करतो. थर जितका पातळ, तितकी पकड घट्ट. म्हणून कवळी टाळूच्या प्रत्येक उंचवट्याशी तंतोतंत जुळावी लागते आणि तिची कड सगळीकडून बंद असावी लागते, कारण कुठूनही हवा आत शिरली की पकड सुटते. मागची कड कुठे संपवायची हे ठरवण्यासाठी दंतवैद्य ‘आऽ’ म्हणायला लावतात. टाळूचा मऊ भाग जिथून थरथरतो, ती सीमा. कड अलीकडे थांबली तर कवळी पडते, पलीकडे गेली तर उमासे येतात. सगळा खेळ काही मिलिमीटरचा. रक्तदाबाच्या किंवा इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडलं, तर उत्तम बनवलेली कवळीसुद्धा सैल वाटू लागते.

जपानमध्ये १५३८ साली वारलेल्या एका भिक्षुणीची लाकडात कोरलेली वरची कवळी आजही जपलेली आहे. तीही अशीच टाळूला चिकटून राहणारी. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १७८९ मध्ये, जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या वरच्या-खालच्या कवळ्या स्प्रिंगने जोडलेल्या असत. तोंड मिटून ठेवायलाही जोर लावावा लागे.

खरी परीक्षा मात्र खालच्या कवळीची. वरच्या कवळीला टेकायला सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला जेमतेम १२. शिवाय मधोमध जीभ, आणि ती क्षणभर स्वस्थ बसत नाही. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. तालग्रेन या संशोधिकेने १९७२ साली पंचवीस वर्षांच्या निरीक्षणांतून दाखवलं, की खालच्या जबड्याचा उंचवटा वरच्याच्या सुमारे चौपट झिजतो. म्हणूनच जुनी कवळी ‘सैल झाली’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा कवळी तशीच असते, तिच्याखालची जमीन खचलेली असते.

मग हलत्या जिभेचं काय करायचं? इथे मला या विद्येचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं. मापाच्या साच्याच्या कडेला गरम करून मऊ केलेला पदार्थ लावतात आणि तो कडक होण्याआधी ओठ पुढे काढायला, हसायला, जीभ बाहेर आणि डावी-उजवीकडे फिरवायला सांगतात. कवळीची कड त्या माणसाचे स्वतःचे स्नायूच घडवतात! दातही अशा पट्ट्यात बसवायचे, जिथे जिभेचा बाहेरचा रेटा आणि गालाचा आतला रेटा एकमेकांना तोलतात. मग जी जीभ कवळी उडवून लावत होती, तीच तिला धरून ठेवते.

कवळीच्या उंचीचं मापही तसंच नेमकं हवं. जबडा सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत २ ते ४ मिलिमीटर फट राहावी. कमी राहिली तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात, जबडा दुखतो. जास्त राहिली तर चेहरा बसतो, ओठांचे कोपरे ओले राहून चिरतात. ही उंची तपासायला मराठीने आयती सोय केली आहे: एकसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत मोजा. प्रत्येक आकड्यात ‘स’ आहे आणि ‘स’ म्हणताना दात अगदी जवळ यावेत, पण टेकू नयेत.

कवळीचा चावा नैसर्गिक दातांच्या पाव-पंचमांश जोराचाच असतो. पुढच्या दातांनी कणीस किंवा पेरू तोडायला गेलं की ती मागून उचकटते. पण भाकरी आपण हाताने मोडतो, आमटीत कुस्करतो. पुढच्या दातांचं काम बोटंच करतात. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं चावलं की जालन्याच्या घरचं जेवण कवळीला चांगलं मानवतं.

कवळीचं सुख कशात मोजायचं? १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्लेड आणि स्पेन्सर यांनी ४९ प्रश्नांची यादी तयार केली. तिचा रोख दात किती यावर नाही. दुखतं का, बोलताना अडतं का, लाज वाटते का, यावर आहे. २००२ साली मॉन्ट्रियलमध्ये तज्ज्ञांनी खालच्या कवळीसाठी जबड्याच्या हाडात रोवलेल्या दोन इम्प्लांटचा आधार हा पहिला पर्याय ठरवला. तो उत्तम आहे, पण शेतमजुराच्या खिशाला झेपत नाही. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांसाठी काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही आहे, ही फार चांगली गोष्ट. मात्र कवळी काठीसारखी हातात देऊन भागत नाही. माप, मेणाची ट्रायल आणि नंतरची घासून दुरुस्ती या फेऱ्या झाल्याच पाहिजेत. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे.

तुमच्या घरी आजीची कवळी टोचते म्हणून डबीत पडली असेल, तर ती घरी कानशीने घासू नका. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आजीला ती घालायला सांगा. हिरडीवर लाल खूण दिसली की नेमकं कुठे घासायचं ते दंतवैद्याला कळतं.