कॅल्शियम संकेतन, निषेचनातील

सागरी प्राण्यांच्या अंड्याशी शुक्राणूचा (पुं.-जनन कोशिकेचा) संयोग होताच अंड्यातील मुक्त कॅल्शियम आयनांची (विद्युत् भारित अणूंची) संहती अल्पकाळ एकदम वाढते व त्यामुळे सुप्त अंड्याचा विकास सुरू होतो. या घटनेस निषेचनातील कॅल्शियम संकेतन म्हणतात. समुद्री अर्चिन या कंटकचर्मी प्राण्यात तिचा विशेष अभ्यास झाला आहे. कारण त्याचे निषेचन शरीराबाहेर, समुद्राच्या पाण्यात होते व ते प्रयोगशाळेत सहज घडवून आणता येते.

निषेचनापूर्वी अंड्यातील मुक्त कॅल्शियमाची संहती दर लिटरला सु. ०·१ मायक्रोमोल असते. निषेचनानंतर ती दहापट किंवा त्याहून अधिक होते. भोवतालच्या समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम याच्या लाखपट असते. तथापि संकेताचे कॅल्शियम मुख्यत्वे अंड्यातील अंतःप्रद्रव्यी जालकाच्या (पटलमय पोकळ्यांच्या जाळ्याच्या) साठ्यातून येते. आर. ए. स्टाइनहार्ट व डी. ईपेल यांनी १९७४ मध्ये पटलातून कॅल्शियम वाहून नेणारे एक द्रव्य वापरून शुक्राणूविना अंडी उद्दीपित केली. बाहेरच्या पाण्यात कॅल्शियम नसतानाही हा परिणाम घडून आला. याउलट, कॅल्शियम बांधून ठेवणारे द्रव्य अंड्यात टोचल्यास निषेचनानंतरचे उद्दीपन होत नाही.

शुक्राणूच्या संयोगाने अंड्यातील एका एंझाइमाची क्रिया वाढून इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट तयार होते. त्यामुळे जालकाची कॅल्शियमद्वारे उघडतात. सुटलेले कॅल्शियम शेजारची द्वारे उघडण्यास मदत करते. अशा रीतीने संयोगस्थानापासून निघालेली लाट सु. ०·१ मिमी. व्यासाच्या अर्चिनाच्या अंड्यातून अर्ध्या मिनिटाच्या आत पलीकडे पोहोचते. अशी लाट प्रथम मेडाका या जपानी माशाच्या अंड्यात १९७८ च्या सुमारास दिसून आली. त्यासाठी जेलीफिशापासून मिळणारे, कॅल्शियमाशी संयोग होताच प्रकाशणारे एक्वोरीन हे प्रथिन वापरण्यात आले.

एकाहून अधिक शुक्राणू अंड्यात शिरल्यास गुणसूत्रांची वाटणी विषम होऊन भ्रूण मरतो. हे टाळण्यासाठी अर्चिनाच्या अंड्याच्या पटलाचे विद्युत् वर्चस् काही सेकंदांतच ऋणाचे धन होते. परंतु हा अडथळा तात्पुरता असतो. कॅल्शियमाची लाट पुढे जाईल तसे पृष्ठालगतचे कण फुटतात व त्यांतील द्रव्यांमुळे निषेचन-आवरण उचलले जाऊन सु. एका मिनिटात कायमचा अडथळा उभा राहतो. त्यानंतर अंड्यातील अम्लता कमी होते, प्रथिन-संश्लेषण वाढते व पुढे कोशिका-विभाजन सुरू होते.

अर्चिनात एकच मोठी लाट निर्माण होते, तर ॲसिडियन या सागरी प्राण्यांत अनेक लाटा एकामागून एक येतात. सस्तन प्राण्यांच्या अंड्यांतही कॅल्शियमाची अशी आवर्तने होतात. त्यांसाठी लागणारे फॉस्फोलायपेज सी-झीटा हे एंझाइम शुक्राणू आपल्याबरोबर आणतो, असे २००२ मध्ये दिसून आले. शरीराबाहेरील निषेचनाच्या उपचारांत मानवी अंड्याचे उद्दीपन होत नसल्यास काही वेळा कॅल्शियमवाहक द्रव्य वापरतात. या उपायाचे मूळ अर्चिनाच्या अंड्यांवरील प्रयोगांत आहे.