चेंडू दिला, बॅट नाही

वेंगुर्ल्यात आपल्या नोकरदार तरुणांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते: “हुशार आहे, पण कामात दिसत नाही.” मग दोष आत्मविश्वासाला. त्याला काम कोणते दिले, हे कुणी विचारत नाही.

चर्मकार समाजातले क्रिकेटपटू पालवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात नोकरीला होते. साहेबांच्या सरावासाठी ते तासन्‌तास चेंडू टाकत. बॅट मात्र त्यांच्या हाती क्वचितच आली. साहजिकच गोलंदाजी धारदार झाली, फलंदाजी मागे राहिली. सरावच असा वाटला गेला होता. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले.

कार्यालयांतही हेच चालते. एकाकडे वर्षानुवर्षे आवक-जावक, दुसऱ्याकडे टिपणी लिहिणे आणि बैठकीत विषय मांडणे. पदोन्नतीच्या वेळी पहिल्याला ऐकवले जाते, “अनुभव नाही!” व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे इथे फारशी उपयोगाची नाहीत (ती आपण हौसेने भरवतो, हा भाग वेगळा). टेबल बदलून मिळावे म्हणून लेखी अर्ज करा, पोच घ्या. आणि कर्मचारी संघटनांनी बिंदुनामावलीइतक्याच बारकाईने कामवाटपाचे आदेशही तपासावेत.