मुंडक्यात पेंढा नसतो

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात चितळाचं किंवा सांबराचं मुंडकं अजूनही भिंतीवर दिसतं. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात तर असे कितीतरी प्राणी आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, जनावराचं डोकं जसंच्या तसं वाळवून टांगलंय. प्रत्यक्षात मूळ जनावराचं त्यात थोडंच उरलेलं असतं, आणि तेही खळीच्या आधाराने.

गैरसमज: आत पेंढा भरलेला असतो.
वस्तुस्थिती: ती फार जुनी तऱ्हा झाली. आत असतो साचा. संस्थानिकांच्या शिकारी टिकवून देणारी म्हैसूरची व्हॅन इंगेन कंपनी कागदाच्या लगद्याचे साचे वापरत असे. हल्ली फोमचे साचे असतात. जनावराचं खरं म्हणावं ते कातडं आणि कवटीच्या तुकड्यासकट शिंगं. डोळे काचेचे, नाकाचा ओलसर तजेला रंगाचा. कानातली कूर्चासुद्धा काढून तिथे दुसरा आधार घालतात.

गैरसमज: झटकन धरणारा गोंद सगळ्यात चांगला.
वस्तुस्थिती: इथे घाई करणारा गोंद घात करतो. कमावलेलं कातडं ओलसर असतानाच चढवतात. पापण्या, ओठ, शिंगांचा बुंधा नेमक्या जागी येईपर्यंत ते सरकवत राहावं लागतं. म्हणून स्टार्चपासून केलेल्या डेक्स्ट्रिनची, सावकाश धरणारी खळ बऱ्याच ठिकाणी वापरतात. आधी खळ न लावता कातडं चढवून कुठे सैल, कुठे तंग ते बघतात. मग साच्याचा गुळगुळीतपणा खरवडून घालवतात, भुसा झाडतात आणि खळीचा सलग थर देतात. गुठळी राहिली तर वरून फुगवटा दिसतो, जागा सुटली तर तिथलं कातडं पुढे उचलतं.

गैरसमज: कातडं चिकटलं की काम संपलं.
वस्तुस्थिती: खरी परीक्षा त्यानंतर. ओलं कातडं वाळताना आक्रसतं. ढोलकीच्या पुडीला हाच गुण उपयोगी पडतो, मुंडक्याला तोच नडतो. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्या, गळ्याची खळगी, जिथे जिथे खोलगट भाग असतो तिथे ताणलेलं कातडं साच्यापासून सुटतं आणि चेहरा सपाट होतो. म्हणून ओठांची कड साच्यातल्या खाचेत खोचतात, खोलगट जागी टाचण्या टोचतात, केस विंचरून मूळ दिशेला बसवतात. शिवण मानेच्या मागच्या बाजूला, केसांखाली लपते. पुढे काही आठवडे येता-जाता बोटाने दाबून पाहायचं. सुटलेलं कातडं पूर्ण वाळायच्या आतच परत बसवता येतं.

गैरसमज: धूळ बसली तर ओल्या फडक्याने पुसावं.
वस्तुस्थिती: डेक्स्ट्रिनची खळ पाण्याने सैल होते आणि भिजलेलं कातडं पुन्हा वाळताना तडकू शकतं. मऊ, कोरडा ब्रश केसांच्या दिशेने फिरवावा. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडच्या दमट हवेत बुरशीही धरते, तेव्हा ओल येणारी भिंत टाळावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जुन्या कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिक म्हणजे सोमल लावत. तो अजूनही तिथे असू शकतो. त्यामुळे हातमोजे आणि मास्क हवेतच, आणि मुलांना हात लावू देऊ नये.

गैरसमज: आजोबांचं मुंडकं, म्हणजे आपल्याच मालकीचं.
वस्तुस्थिती: १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३मध्ये अशा वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती. प्रमाणपत्र असलं तरी विक्री करता येत नाही. वारसाने मिळालेली वस्तू ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जाहीर करावी लागते. प्रमाणपत्रधारकाला ठेवायची नसेल तर २०२२च्या दुरुस्तीनुसार ती सरकारजमा करता येते. मोबदला मिळत नाही.

गैरसमज: गळून पडलेलं शिंग उचलायला हरकत नाही.
वस्तुस्थिती: सांबर-चितळांची शिंगं गळतात आणि नवी येतात, हे खरं. पण कायद्याच्या लेखी शिंगही शिकारचिन्हांतच मोडतं. सागरेश्वरच्या अभयारण्यात वाटेवर शिंग दिसलं तर ते तिथेच राहू द्यावं आणि वनरक्षकाला सांगावं.

हे कसब आजही जिवंत आहे. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९पासून याचं केंद्र आहे, आणि तिथे शिकारीचा नव्हे, मृत्यू पावलेला प्राणी अभ्यासासाठी जतन केला जातो.